ड्रेडनॉटचा खर्ज पुन्हा पुन्हा घुमतो : दोष खोलीचा, हवेचा की गिटारच्या अंगाचा?

ड्रेडनॉट, म्हणजे रुंद कमरेच्या आणि मोठ्या पोटाच्या गिटारची, तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. नव्या तारा चढवल्या की दोन-तीन आठवडे गिटार मोकळी वाजते. मग हळूहळू जी कॉर्ड धरली की सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) स्वर बाकीच्या सगळ्या स्वरांवर चढून बसतो, मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले तर गाणाऱ्याचा आवाज त्या घुमाऱ्याखाली दबतो, आणि छोट्या कार्यक्रमात पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरकडे नेणारे साधन) लावून वाजवायला बसले की नेमका तोच स्वर स्पीकरमधून फीडबॅक देऊ लागतो, म्हणजे आपोआप वाढत घोंगावतो. मग पुन्हा तारा बदलल्या जातात, कधी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, बदलले जाते, कधी प्रीअँपवरचे (पिकअपचा आवाज जुळवण्याच्या उपकरणावरचे) बेसचे बटण पार खाली नेले जाते, आणि महिनाभराने तक्रार जिथल्या तिथे असते.

ती परत का येते, हे आधी समजून घ्यावे. नव्या तारांमध्ये वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे उंच स्वर, भरपूर असतात आणि त्यांच्या तेजामुळे खालचा फुगवटा झाकला जातो. तारेच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ साचला की सर्वांत आधी हे उपस्वर मरतात. खर्जाचा मूळ स्वर मात्र तसाच राहतो. म्हणजे फुगवटा तारांनी निर्माण केलेला नसतो आणि नव्या तारांनी तो घालवलेलाही नसतो. ज्या खोलीत आपण वाजवतो ती खोली, ज्या हवेत गिटार राहते ती हवा आणि गिटारच्या अंगाचा आकार, या तिन्हींपैकी कशात तरी त्याचे मूळ असते. पुष्कळदा तिन्ही कारणे एकत्र असतात. परंतु प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे ती एकमेकांपासून सुटी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या लेखात गृहीत धरलेली गिटार म्हणजे पोलादी तारांची, नेकचा चौदावा फ्रेट अंगाला टेकतो अशी ड्रेडनॉट, कारण पहिली गिटार म्हणून आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तीच येते.

घुमणारा स्वर आधी नेमका पकडावा

"बेस जास्त आहे" एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही. ट्यूनर लावून गिटार नीट जुळवावी, सहाव्या तारेवर मोकळ्या स्वरापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने वाजवावा, आणि कोणता स्वर एकदम मोठा येतो व तितक्याच लवकर विझतो, ते ऐकावे. या दोन खुणा एकत्र याव्या लागतात. तारेची वारंवारता आणि अंगाची स्वाभाविक वारंवारता जुळली की तारेतली ऊर्जा अंग झपाट्याने ओढून घेते. त्यामुळे स्वराची सुरुवात दणदणीत होते, पण त्याची आस तोकडी पडते. याउलट जो स्वर मोठाही येतो आणि तार हाताने दाबून थांबवल्यावरही क्षणभर कानात रेंगाळतो, त्याच्या बाबतीत आधी खोलीवर संशय घ्यावा.

मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झवर कंप पावते. तिच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ वर, चौथ्या फ्रेटवरचा जी शार्प १०४ वर आणि पाचव्या फ्रेटवरचा ए ११० वर असतो. ड्रेडनॉटविषयीच्या बहुतेक तक्रारी याच तीन फ्रेटांच्या पट्ट्यात सापडतात. दुसरा पट्टा साधारण एक सप्तक वर, म्हणजे मोकळ्या तिसऱ्या तारेच्या जीपासून तिच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या एपर्यंत, १९६ ते २२० हर्ट्झच्या दरम्यान असतो. त्याचे कारण निराळे आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी मिळतो, याचा येथे मोठा उपयोग होतो. मोकळ्या पाचव्या तारेचा ए आणि सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए, हे दोन्ही सारखेच घुमत असतील तर कारण तारेत किंवा फ्रेटमध्ये नाही, हे निश्चित झाले. एकच घुमत असेल, तर ती तार, नटमधली (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीतली) तिची खाच आणि सॅडलवरची तिची बैठक तपासून घ्यावी आणि तेवढी दुरुस्ती झाल्यावरच पुढे जावे.

पुठ्ठ्याचा तुकडा आणि एक गुणगुण

खोली आणि अंग यांना वेगळे करण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. खोक्याच्या पातळ पुठ्ठ्यातून साउंडहोलचा अर्धा भाग झाकेल एवढा तुकडा कापावा, तारांखालून अलगद सरकवून भोकावर बसवावा आणि तो स्वतः थरथरणार नाही अशा बेताने कागदी चिकटपट्टीने कडेला टेकवावा. पट्टी पॉलिशवर फार वेळ राहू देऊ नये. आता सहाव्या तारेवरचे तेच फ्रेट त्याच जागी बसून पुन्हा वाजवावेत. पूर्वी तिसऱ्या फ्रेटवर असलेला घुमारा दोन-तीन फ्रेट खाली उतरून पहिल्या फ्रेटवर किंवा मोकळ्या तारेवर गेला, तर तो गिटारच्या पोटातल्या हवेचा आहे. पुठ्ठा लावूनही तो होता त्याच स्वरावर राहिला, तर तो खोलीचा आहे. माझ्या मते या तक्रारीच्या तपासणीत याहून निर्णायक चाचणी नाही, कारण भोकाचा आकार बदलल्याने गिटारची हवा वेगळ्या स्वराला बोलू लागते, पण खोलीच्या भिंती जागच्या हलत नाहीत.

गिटारच्या पोटातल्या हवेला स्वतःचा एक स्वर असतो. टॉप, म्हणजे साउंडहोल असलेली पुढची फळी, हलली की आत कोंडलेली हवा दाबली आणि सैलावली जाते, भोकातली हवा आत-बाहेर होते, आणि एका ठराविक वारंवारतेला ही ये-जा सर्वाधिक होते. पोट मोठे केले की ही वारंवारता खाली येते, भोक मोठे केले की वर जाते. ड्रेडनॉटमध्ये ती साधारण ९५ ते १०५ हर्ट्झच्या दरम्यान पडते, म्हणजे नेमकी सहाव्या तारेच्या तिसऱ्या-चौथ्या फ्रेटच्या शेजारी. ती स्वतः शोधायची असेल तर सर्व तारा तळहाताने दाबून धराव्यात, तोंड साउंडहोलजवळ नेऊन खालच्या आवाजात गुणगुणत स्वर हळूहळू वर सरकवावा. एका स्वरावर बॅक, म्हणजे गिटारची मागची फळी, आपल्या पोटाशी स्पष्ट थरथरताना जाणवते. तो स्वर ट्यूनरवर पाहून लिहून ठेवावा. फीडबॅक रोखण्यासाठी पुढे तोच आकडा लागणार आहे. ज्यांचा आवाज एवढा खाली पोहोचत नाही, त्यांनी तारा दाबून ब्रिजवर बोटाच्या पेराने टिचकी मारावी आणि फोनवरच्या वारंवारता दाखवणाऱ्या एखाद्या अॅपमध्ये १०० च्या आसपासचे शिखर पाहावे.

खोलीचा वाटा

आपल्याकडची नेहमीची खोली दहा फूट बाय बारा फूट असते, आणि दुर्दैवाने हे माप ड्रेडनॉटला फारच प्रतिकूल आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या उभ्या लहरी तयार होतात. दहा फुटांच्या अंतरात त्यांतली दुसरी लहर ११२ ते ११५ हर्ट्झच्या आसपास पडते, बारा फुटांच्या अंतरात ९४-९५ च्या आसपास. म्हणजे एक लहर एच्या शेजारी आणि दुसरी जीच्या शेजारी, आणि या दोघींच्या मध्ये गिटारच्या हवेचा स्वतःचा स्वर. गिटार, लांबीच्या भिंती आणि रुंदीच्या भिंती एकाच पट्ट्याला फुगवू लागल्यावर गाणाऱ्याने कितीही जोर लावला तरी तो मागे पडतो.

या दुसऱ्या लहरीचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो आणि खोलीच्या बरोबर मधोमधही सर्वाधिक असतो; भिंतीपासून एक चतुर्थांश अंतरावर तो सर्वांत कमी असतो. म्हणून कोपऱ्यातल्या पलंगावर बसून वाजवणे ही सर्वांत वाईट जागा आहे, आणि खुर्ची खोलीच्या मध्यभागी ओढणे हा अनेकांचा पहिला उपायही उपयोगाचा नाही. दहा फुटांच्या बाजूला भिंतीपासून अडीच फूट आणि बारा फुटांच्या बाजूला तीन फूट, अशी जागा मोजून घ्यावी आणि तेथे बसावे. ऐकणाराही या लहरींत बसलेला असतो, त्यामुळे मुद्रण करताना माइकची जागाही याच हिशेबाने निवडावी. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्याने फरक पडतो. भिंतीला चिकटवायच्या पातळ स्पंजच्या पट्ट्यांनी मात्र पडत नाही, कारण १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते आणि दोन इंचांचा स्पंज तिला अडवू शकत नाही. तो फक्त वरचे तेज खातो आणि त्यामुळे खर्ज आणखी जड वाटू लागतो.

खात्री करायची असेल तर गिटार गच्चीवर न्यावी. तेथे भिंती नाहीत, छत नाही. तेथेही तोच स्वर फुगत असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

ड्रेडनॉटचे अंग असे का आहे

हे अंग अपघाताने मोठे झालेले नाही. १९१६ साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ऑलिव्हर डिटसन या संगीतविक्रेत्या कंपनीसाठी ही गिटार प्रथम बनवली. १९०६ साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचे नाव तिला मिळाले, ते तिच्या आकारमानामुळेच. मार्टिनने स्वतःच्या नावाने ती १९३१ मध्ये बाजारात आणली आणि १९३४ पासून तिला चौदा फ्रेटांची नेक दिली. कार्यक्रमात प्रत्येकापुढे माइक नसण्याच्या त्या काळात गाण्याला भरीव साथ हवी होती. पुढे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात बँजो आणि फिडल यांच्या कर्कश, उंच आवाजांखाली ठोस खर्ज भरणे हे तिचे मुख्य काम झाले. तिच्या रुंद कमरेमुळे, चौकोनी खांद्यांमुळे आणि जवळजवळ पाच इंचांच्या खोलीमुळे तिच्या पोटात हवा पुष्कळ मावते, आणि म्हणून तिचा हवेचा स्वर खाली, सहाव्या तारेच्या ऐन वापरातल्या फ्रेटांवर येऊन बसतो. पाच माणसांच्या ताफ्यात ज्याला भरदारपणा म्हणतात, त्यालाच दहा बाय बाराच्या खोलीत, एका माणसाच्या गाण्यामागे, घुमारा म्हणतात.

आकड्यांत पाहू. मार्टिनच्या चौदा फ्रेटी ड्रेडनॉटचे अंग सर्वांत रुंद जागी १५ पूर्णांक ५/८ इंच आणि सर्वांत खोल जागी ४ पूर्णांक ७/८ इंच असते. त्याच कंपनीच्या ट्रिपल ओ आणि ओएम या अंगांची रुंदी १५ इंच आणि खोली ४ पूर्णांक १/८ इंच असते. रुंदीतला फरक समोर ठेवून पाहिला तरी पटकन लक्षात येत नाही. खोलीतला पाऊण इंच मात्र फार मोठा आहे, कारण तेवढ्यानेच पोटातली हवा साधारण सातव्या हिश्शाने कमी होते. त्यात आत ओढलेल्या कमरेची भर पडते आणि हवेचा स्वर एखाद-दोन फ्रेट वर सरकतो. दुकानात गिटार निवडताना लोक पुढून पाहतात. खर्जाचा प्रश्न असेल तर ती बाजूने पाहावी.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे तत्त्व नवे नाही: पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठ्या भोपळ्याचा तंबोरा आणि बायकांच्या वरच्या पट्टीसाठी लहान भोपळ्याचा, अशी वाटणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गिटारच्या बाबतीत मात्र गाणाऱ्याची पट्टी आणि वाद्याचे पोट यांचा मेळ घालण्याचा विचार आपण क्वचितच करतो.

हवेच्या स्वराच्या एक सप्तक वर टॉपचा स्वतःचा स्वर असतो आणि १९६ ते २२० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या तक्रारीचे मूळ तेथे असते. टॉप जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो आणि सहा तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या वर जातो. हा भार पेलण्यासाठी आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्ट्या किती जाड, कोठे तासलेल्या आणि मुख्य दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात ती फुली साउंडहोलपासून किती अंतरावर, यावर टॉप किती सैल हलणार हे ठरते. पट्ट्या मधेमधे कोरून हलक्या केल्या, म्हणजे ज्याला स्कॅलप्ड ब्रेसिंग म्हणतात तसे केले, तर टॉप अधिक हलतो आणि खर्ज वाढतो. जाड तारांचा भार सोसावा म्हणून मार्टिनने १९४४ मध्ये ही कोरणी बंद केली होती, आणि १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलबरोबर ती परत आणली. आजच्या अनेक ड्रेडनॉटच्या जाहिरातीत हा शब्द अभिमानाने लिहिलेला असतो. घुमाऱ्याची तक्रार असलेल्याने तो वाचून थांबावे, हेच योग्य.

लाकडाविषयी थोडक्यात, कारण प्रश्न हमखास विचारला जातो. बॅक आणि कडा शिसवीच्या असल्यामुळे घुमारा येतो आणि महोगनी घेतली असती तर आला नसता, असे पुष्कळांना वाटते. सह्याद्रीत वाढणारी आपली शिसव म्हणजेच ज्या लाकडाला जगभर इंडियन रोझवूड म्हणतात ते लाकूड. मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवूड सोडून मुख्यतः तेच वापरायला सुरुवात केली. लाकडाने छटा बदलते, हे मी नाकारत नाही. परंतु इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त बॅक आणि कडांचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना कोणती कोणती ते कळू न देता वाजवायला दिल्या, तेव्हा वादकांच्या पसंतीत लाकडानुसार फारसा फरक दिसला नाही. स्पेनमधल्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने तर १८६२ मध्येच बॅक आणि कडा पुठ्ठ्याच्या करून, उत्तम टॉप लावून गिटार बनवली होती. घुमाऱ्यासाठी लाकडाला दोष देण्याआधी खोली, टॉप आणि पोट पाहावे.

जो घुमारा जूनमध्ये येतो आणि नोव्हेंबरमध्ये जातो

काही गिटारींची तक्रार ऋतूबरोबर येते-जाते, आणि कोकणपट्टीत व मुंबईत ही गोष्ट नेहमीची आहे. कारखान्यांत गिटार साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बनवतात. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. टॉपचे लाकूड पाणी शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, पण त्याच्या कडा कडेला चिकटवलेल्या असल्याने त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो ब्रिजच्या मागे वर उचलला जातो. तारा फ्रेटपासून उंच होतात. ओले लाकूड जड आणि मऊ असते, ते वरचे उपस्वर गिळते, आणि उरतो तो खालचा जड आवाज. वादकाला खर्ज वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात वरचे तेज गेलेले असते.

हे ओळखण्यासाठी बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची उंची पोलादी पट्टीने मोजून ऋतूनुसार वहीत लिहून ठेवावी. अडीच मिलिमीटरच्या आसपास असलेला आकडा पावसाळ्यात तीनच्या वर गेला असेल तर हवेचा वाटा नक्की आहे. अशा वेळी सॅडल घासून खाली घेण्याची घाई करू नये. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. तेव्हा तोच टॉप आक्रसून खाली बसतो, तारा फ्रेटांवर खरखरू लागतात आणि घासलेले सॅडल परत वाढवता येत नाही.

गिटार केसमध्ये ठेवावी आणि केसमध्ये आर्द्रतामापक ठेवावा. स्वस्त मापकांचे आकडे फार चुकतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ भरून त्यात ओल्या वाळूइतके ओलसर होईल एवढेच पाणी घालावे, झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी त्याने ७५ टक्के दाखवायला हवे, कारण बंद जागेत ओले मीठ हवा तेवढ्यावरच स्थिर ठेवते. ७० दाखवले तर त्या मापकाच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवावेत. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात, किंवा आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी पाकिटे घ्यावीत. ती महाग पडतात. पण सगळा टॉप अखंड लाकडाचा असेल तर हा खर्च टाळू नये. प्लायवूडच्या टॉपला हवेचा त्रास पुष्कळच कमी होतो, तेथे साधी केस पुरते. केसमधली हवा ५० च्या आसपास आल्यावर दोन-तीन आठवडे वाट पाहावी आणि मगच फ्रेटांची चाचणी पुन्हा करावी.

अंगाचाच घुमारा असेल तर

चाचण्यांनंतर दोष अंगाचा आहे असे ठरले, तर एक गोष्ट मनाशी मान्य करावी लागते: हवेचा स्वर काढून टाकता येत नाही, त्याची धार कमी करता येते. यातला सर्वांत परिणामकारक उपाय उजव्या हातात आहे. साउंडहोलवर किंवा फ्रेटबोर्डाच्या टोकावर वाजवले की मूळ स्वर जाड येतो. ब्रिजकडे दोन-तीन बोटे सरकले की उपस्वर वाढतात आणि खर्ज आवरला जातो. साथ करताना जी कॉर्डचा खालचा जी प्रत्येक आवर्तनात ठोकण्याची गरज नसते, तो पहिल्या ठोक्याला एकदा पुरतो. तळहाताची कड ब्रिजवर सहाव्या तारेपाशी अलगद टेकवून वाजवण्याची सवय केली, तर निम्मी तक्रार तेथेच मिटते. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून गाण्याची पट्टी तीच राहील अशा कॉर्ड धरणे, हाही चांगला मार्ग आहे, कारण त्यामुळे खालचे मूळ स्वर घुमणाऱ्या पट्ट्यातून सरकतात.

तारांचा वाटा लहान आहे, पण आहे. सहाव्या तारेची जाडी ०.०५३ इंचांवरून ०.०५० वर आणली, तर टॉपवर पडणारा खर्जाचा जोर थोडा कमी होतो. फॉस्फर ब्राँझऐवजी ज्यांना ८०/२० ब्राँझ म्हणतात त्या तारा वरच्या बाजूला अधिक उजळ असतात. हे करताना आशा माफक ठेवावी.

मुद्रण करताना माइक साउंडहोलसमोर ठेवू नये, हवेचा स्वर तेथूनच सर्वाधिक बाहेर पडतो. बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर, सुमारे एक फुटावर, किंचित नेककडे वळवून तो ठेवावा. बहुतेक माइक एका दिशेने ऐकणारे असतात आणि जवळ नेले की स्वतःहून खर्ज वाढवतात, म्हणून फुटापेक्षा जवळ जाऊ नये.

कार्यक्रमातल्या फीडबॅकसाठी साउंडहोलमध्ये बसवायचे रबरी झाकण घ्यावे. ते लावले की हवेची ये-जा थांबते आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा फीडबॅक बहुधा तत्काळ थांबतो. माइकशिवाय वाजवताना मात्र तेच झाकण गिटारचा प्राण काढून घेते, हे लक्षात ठेवून कार्यक्रमानंतर ते काढावे. मिक्सरवर बेसचे बटण सरसकट खाली नेऊ नये, त्याने सगळीच गिटार पोकळ होते. गुणगुणून शोधलेला आकडा येथे कामाला येतो: नेमक्या त्या वारंवारतेवर अरुंद पट्टा घेऊन चार ते सहा डेसिबल कमी करावेत, बाकी सगळे तसेच ठेवावे.

टॉपच्या पट्ट्यातला, म्हणजे १९६ ते २२० च्या दरम्यानचा एखादा स्वर दणदणीत येऊन लगेच मरत असेल, तर पोस्टर चिकटवायला वापरतात त्या पुट्टीचा दहा-पंधरा ग्रॅमचा गोळा ब्रिजवर, तारांना न लागेल असा, दाबून बसवावा आणि ऐकावे. वजन वाढल्याने टॉपचा स्वर काही हर्ट्झ खाली येतो आणि दोन फ्रेटांच्या मध्ये पडला तर कोणताच स्वर एकटा फुगत नाही. याने फरक पडला तर चांगल्या कारागिराकडून तेवढेच वजन आतून, ब्रिजच्या खालच्या पट्टीवर, कायमचे बसवून घेता येते.

आतल्या पट्ट्या तासून किंवा साउंडहोल मोठे करून घुमारा घालवण्याचे सल्ले मिळतात, ते ऐकू नयेत. तासल्याने खर्ज वाढतो, हे वर आलेच आहे. भोक मोठे केल्याने हवेचा स्वर वर सरकतो आणि आवाज मोकळा होतो, हे खरे. क्लॅरेन्स व्हाइट आणि त्याच्यानंतर टोनी राइस या ब्लूग्रास गिटारवादकांनी वाजवलेल्या १९३५ सालच्या मार्टिन डी-२८ चे भोक असेच मोठे झालेले होते आणि तिचा स्वच्छ, आवरलेला खर्ज प्रसिद्ध आहे. पण कापलेले लाकूड परत जोडता येत नाही, आणि पुठ्ठ्याच्या चाचणीप्रमाणे हा बदल उलटा फिरवता येत नाही.

दुसरे अंग निवडायचे ठरले तर

एकट्याने गाणे, बोटांनी वाजवणे आणि घरच्या खोलीत मुद्रण करणे हे तुमचे मुख्य काम असेल, तर ओएम किंवा ट्रिपल ओ हे अंग पाहावे. ओएमचा जन्मच अशा गरजेतून झाला: १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाला चौदा फ्रेट मोकळे असलेली गिटार हवी होती आणि मार्टिनने त्यासाठी जुन्या ट्रिपल ओचे अंग आखूड केले. खर्ज कमी होतो, पण सहा तारा सारख्या बोलतात, आणि गाणाऱ्याला मध्ये जागा मिळते. त्याहून लहान डबल ओ किंवा पार्लरमध्ये मोकळ्या सहाव्या तारेचा मूळ स्वर क्षीण असतो आणि तो आपण बराचसा त्याच्या उपस्वरांवरून ऐकतो. कमी आवाजात, शांत खोलीत ती फार सुंदर वाजते, ताफ्यात मात्र हरवते. बारा फ्रेटी अंगात ब्रिज रुंद भागाच्या मध्याकडे सरकलेला असतो, त्यामुळे लहान अंग असूनही आवाज ऊबदार राहतो, आणि बोटांनी वाजवणाऱ्यांना मी तीच आधी ऐकायला सांगतो. जंबो, म्हणजे गिब्सनने १९३७ साली आणलेल्या सुपर जंबोसारखे १७ इंच रुंदीचे अंग, कमर बारीक असली तरी पोटाने ड्रेडनॉटपेक्षाही मोठे असते. जीच्या घुमाऱ्याने त्रासलेल्याने तिकडे वळू नये. कटअवेमुळे, म्हणजे नेकजवळ अंगाला दिलेल्या खोबणीमुळे, वरचे फ्रेट सोपे होतात, या प्रश्नात त्याचा फारसा संबंध नाही.

दुकानात ऐकताना विक्रेत्याला कॉर्ड वाजवून दाखवू देऊ नये. गिटार स्वतः हातात घेऊन सहाव्या तारेवर मोकळ्या स्वरापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवावा, मग पाचव्या आणि तिसऱ्या तारेवर तेच करावे, आणि जो स्वर फुगेल तो दुकानाच्या दाराबाहेर, मोकळ्यावर जाऊन पुन्हा वाजवून पाहावा. आपली नेहमीची दोन-तीन गाणी ज्या पट्टीत आहेत, त्यांचे खालचे मूळ स्वर आधीच कागदावर लिहून न्यावेत. गिटार फुगते तो स्वर त्या यादीत नसेल, तर तेवढ्या एका फुगवट्यासाठी ती परत ठेवण्याचे कारण नाही.